तोफेचे खांदे

मास्तर आधी ठोकून बघत, मग बोलत. माठ घेताना सगळेच ठोकतात. मास्तर कपबशी ठोकत, दार ठोकत, बसायच्या आधी बाक ठोकत. रविवारी देवळात गेले (ते चर्चला देऊळच म्हणत) की शेवटच्या बाकाशेजारचा खांब बोटाच्या पेरानं एकदा वाजवत, कान लावत, आणि मगच गुडघे टेकत. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "मास्तर, खांबात काय ऐकता?" तर म्हणाले, "तुम्ही वरच्याचं ऐका, मी खालचं ऐकतो. छत दोघांच्याही डोक्यावर आहे."

मलाही त्यांनी ठोकूनच घेतलं. लढाईचे दिवस होते. रत्नागिरीकडून मी एका गाववाल्याच्या भरवशावर नगरला आलो. तो लष्कराच्या भटारखान्यात होता, आणि मी पोचेपर्यंत त्याची बदली झालेली. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. विशी ओलांडली तरी हातात कुठलं धड काम नव्हतं. स्टेशनच्या रस्त्याला मोटारी दुरुस्त करायचा एक कारखाना दिसला, त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत लेथवर एक उंच, वाकलेला माणूस. डोक्यावर एकावर एक दोन टोप्या. खालची घामासाठी, वरची लोकांसाठी, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला पाठमोरं उभं केलं, पाठीवर पेर वाजवलं, कान लावला.

"पोकळ नाही. आत या, पाव्हणं."

त्या दिवसापासून मी पाव्हणा झालो. कारखान्यातल्या बाकी सगळ्यांना मास्तर 'अरे-तुरे' करत. मला मात्र अहो, या, बसा. सुरुवातीला वाटलं, मान देतायत. वर्षभरानं कळलं की पाव्हणा म्हणजे ज्याचं घर इथं नाही तो. तो कधी ना कधी जायचाच.

तरी त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला आपल्या घराच्या मागच्या खोलीत जागा दिली. बायको वारलेली, मूलबाळ नाही, स्वयंपाक स्वतःच करायचे. पहिल्याच पावसाळ्यात मला ताप भरला आणि तापात मी पेज मागितली. पेज म्हणजे काय हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. कुणाला तरी विचारून आले आणि घरात होती त्या ज्वारीची पेज करून मला पाजली. असली पेज आमच्याकडं कुणी गुरालाही घालणार नाही. मी वाटी चाटूनपुसून ठेवली. तापात असतानाही मनात एकच होतं, की आता ह्यांनी मला काढू नये.

आणि मग कोल्हारकर आला.

तो प्रवरेकाठच्या कोल्हारचा, घरचा शेतकरी. वयानं माझ्याएवढाच, पण लोखंडाचं वेड म्हणून शेत भावावर सोपवून आलेला. त्याला कारखाना सुटला तरी चालण्यासारखं होतं, म्हणूनच त्याला कशाची भीती नव्हती. हसायचा तर सगळा कारखाना मागं वळून बघायचा. दर आठवड्याला त्याच्या आईकडून गाठोडं यायचं. त्यात भाकरी, ठेचा, भुईमुगाच्या शेंगा, हंगामात पेरू. मास्तर, जे कुणाच्या घरचं पाणीही कप ठोकल्याशिवाय पीत नसत, ते त्याच्या फडक्यातली भाकरी उभ्याउभ्या मोडून खायचे.

"मास्तर, आई इच्यारीत हुती, ठेचा लई तिखट झाला का म्हून."

"तिला सांग, डोळ्यांत पाणी आलं. पण ते तिखटानं नव्हे."

मी तिथंच उभा असायचो, हातात पाना घेऊन. माझ्या आईकडून नगरला काय येणार? सुकी मासळी पाठवली असती तर वाटेतच कुणीतरी टपालाचं पोतं फेकून दिलं असतं.

मास्तरांची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं एकानं केलेलं काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय दाराबाहेर जात नसे. हे पुष्कळ ठिकाणी असेल. पण कुणाचं कुणी तपासायचं हे मास्तर कसं ठरवत, ते मला वेल्डिंग करणाऱ्या चाचांनी सांगितलं. मास्तर कधीमधी एखाद्याची सगळ्यांसमोर तोंडभरून स्तुती करत. स्तुती करताना त्या माणसाकडं बघतच नसत, बाकीच्यांच्या तोंडांकडं बघत. ज्याचं तोंड सगळ्यात जास्त उतरेल, त्याच्याकडं त्या माणसाचं काम तपासायला.

"म्हणजे कोल्हारकराचं सगळं माझ्याकडं येतं ते...?" मी विचारलं.

"तो क्या तुम समझे, अक्कल देखके आता है?" चाचा म्हणाले. "तुमचं तोंड असं पडतं की उचलायला क्रेन लागेल."

मी जाऊन मास्तरांना विचारलं. त्यांना लाजही वाटली नाही. "मित्राला मित्राची चूक दिसत नाही, पाव्हणं. दिसली तरी तो बोट ठेवून झाकतो. जळणारा माणूस दिवा घेऊन शोधतो. मला दिवा पाहिजे."

"आणि तुमचं काम कोण तपासतं?"

त्यांनी वरची टोपी काढून झटकली. वेशीपाशी एक लोहार होता म्हणे, तरुणपणी दोघांनी एकाच उस्तादाकडं काम शिकलेलं. उस्तादानं मास्तरांना जवळ केलं म्हणून तो जन्मभर त्यांच्याशी बोलला नाही. मास्तर आपलं प्रत्येक नाजूक काम त्याच्याकडं पाठवायचे, आणि तो न बोलता चुकीवर कोळशाची रेघ ओढून परत पाठवायचा.

"वारला तो," मास्तर म्हणाले. "आता माझं तपासायला कुणी राहिलं नाही."

"मी तपासीन की."

"तुम्ही नको. तुम्ही उपकार मानता. उपकार मानणाऱ्याला चीर दिसत नाही."

लढाई संपली तशा लष्कराच्या लॉऱ्या यायच्या बंद झाल्या. एक दिवस मालक गळ्यातला रुमाल सारखा करत आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही नाताळानंतर घरी बसणार म्हणता. लेथवर एकच माणूस ठेवीन. पाव्हणा का कोल्हारकर, तुम्ही सांगा. दुसऱ्यानं आपली वाट बघावी."

कोल्हारकराची वाट सरळ प्रवरेकाठी जात होती. माझी कुठं जाणार होती? त्या दिवसापासून मी चपला उशाशी घेऊन झोपायला लागलो. का, ते मला सांगता येणार नाही.

मास्तरांनी निकाल सांगायच्या ऐवजी तोफ काढली.

तोफ म्हणजे हातभर लांबीची, पण खरी. लहानपणी किल्ल्यावरची बाराची तोफ ऐकल्याचं ते सांगत. खरं-खोटं देव जाणे, कारण त्या लहानपणाला दुसरा साक्षीदार नव्हता. लढाईच्या वर्षांत फटाके मिळाले नाहीत, देवळाभोवतीच्या वस्तीतला नाताळ मुका गेला. तेव्हा लेथ सोडण्याआधी एक तोफ करायची आणि नाताळच्या सकाळी देवळाच्या मागच्या माळावर उडवायची, असं त्यांच्या मनानं घेतलं. नळी त्यांनी स्वतः केली. मोडक्या लॉरीचा ॲक्सल घेऊन लेथवर पोखरला, बाहेरून उतरता केला. ज्या भोकातून बत्ती द्यायची त्याला तोफेचा कान म्हणतात. तोही त्यांनीच पाडला.

"जत्रेत उखळी उडवतात तशी जमिनीत पुरून उडवू की," चाचा म्हणाले. "झंझट कशाला?"

"उखळीला खांदे नसतात," मास्तर म्हणाले. "तोफेला असतात."

खांदे म्हणजे नळीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेले आखूड गोल खुंट. त्यांवर नळी गाड्यावर टेकते, त्यांवरच वर-खाली होते. आणि बार उडाला की नळी मागं फेकली जाते, तो सगळा धक्का त्या दोन खुंटांवर येतो. ते सुटले तर नळी कुठं जाईल याचा नेम नाही. मास्तरांनी नळी आम्हा दोघांसमोर बाकावर ठेवली.

"खांदे कसे बसवाल? बोला."

मी घाईनं बोललो. मला नेहमीच घाई व्हायची. "आरपार भोक पाडू. एकच सळई इकडून तिकडं घालू. दोन्ही टोकं बाहेर."

"आणि बार कुठून जायचा, पाव्हणं? तुमच्या खाडीतून?"

सगळे हसले. नळी आतून पोकळ असते हेच मी विसरलो होतो. कान तापले तरी मी पुन्हा म्हणालो, "मग दोन्ही बाजूंना अर्धी भोकं पाडू, आटे पाडू, खुंट पिळून बसवू."

मास्तरांनी नळीवर नख टेकवलं. "भिंत केवढी आहे ती? तिच्यात भोक पाडलं की नेमकी जोराच्या जागी पातळ होणार. चार आट्यांवर सगळा धक्का. दोन-तीन बार सोसतील. मग खांदे इकडं आणि तोफ पाळकसाहेबांच्या घरात." त्यांनी मान वळवली. "तू रे?"

कोल्हारकर शेंगा खात होता. टरफल टाकून म्हणाला, "आमच्याकडं चाकाला धाव चढवत्यात तसं करू की."

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती चाकापेक्षा अंमळ लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात म्हणजे ती फुगते, तशी सांडशीनं उचलून चाकावर बसवतात, आणि निवली की आवळून अशी बसते की चाक मोडेल पण धाव निघणार नाही.

"एक जाड कडं करायचं," तो म्हणाला, "खांदे त्याच्याच अंगचे ठेवायचे, येगळे न्हाई. नळीला भोकच पाडायचं न्हाई. नळी गार, कडं लालबुंद. मागनं सरकवलं की झालं. पुढं नळीवर जराशी पायरी ठेवली की धक्क्यानं सुटायचंबी न्हाई."

मास्तरांनी नळीवर पेर वाजवलं, कान लावला. मग त्यांनी आपली वरची टोपी काढून कोल्हारकराच्या डोक्यावर ठेवली.

त्या टोपीकडं मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मास्तर माझ्याकडं बघत होते हे मात्र मला माहीत आहे.

कडं कोल्हारकरानंच केलं. लॉरीच्या दुसऱ्या एका दांड्याचं कडक पोलाद त्यानं भट्टीत ठोकून घेतलं आणि लेथवर उतरवलं. काम सुंदर झालं होतं. दोन्ही खांदे एका रेषेत, हात फिरवला तर कुठं अडत नव्हता. मी दोनदा फिरवून बघितला. कडं भट्टीत तापलं, सांडशीनं त्यानं ते नळीवर मागून सरकवलं, पायरीला टेकलं, आणि लगेच बादली उचलून वर पाणी ओतलं. फस्स करून वाफ उठली. सगळे ओरडले. मालकसुद्धा आले बघायला. "झकास रे! तूच लेथवर बस," असं ते म्हणाले, थट्टेत का खरंच, कळलं नाही.

तपासायला अर्थातच माझ्याकडं आलं.

आमच्याकडं होडी गळते का हे कोरड्या बाजूनं बघतात. पाणी कुठून शिरतं ते दिसत नाही, कुठून पाझरतं ते दिसतं. कारखान्यात आम्ही तेच रॉकेलनं करायचो. मी कड्याला रॉकेल माखलं, मुरू दिलं, कोरडं पुसून काढलं आणि वरून खडूची पूड चोळली. मग समोर बसून राहिलो. चाचा जेवायला बोलावत होते, मी उठलो नाही. कुठं चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल पांढऱ्या खडूवर ओलं होऊन वर येतं.

आलं. डावा खांदा जिथं कड्याला मिळतो त्या कोपऱ्यात केसासारखी एक काळी रेघ उमटली.

इतका आनंद मला नगरला आल्यापासून झाला नव्हता. मी अख्ख्या कारखान्याला हाक मारली.

कोल्हारकर वाकून बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मास्तरांनी विचारलं, "पाणी का ओतलंस?"

"धावंवर वततात म्हून."

"चाक लाकडाचं असतं बाबा. ते जळू नये म्हणून ओततात. आणि धाव असते मऊ लोखंडाची. हे कडक पोलाद, लाल असताना पाणी पडलं की तडकतं. इथं लाकूड होतं का? इथं जळत काय होतं?"

"पाव्हणं जळत होते," चाचा म्हणाले.

कारखाना हसून लोळला. कोल्हारकरही हसला, आणि हसता हसता मला म्हणाला, "बरं झालं पाव्हणं, तुमी बघितलं. न्हाईतर आईच्या म्होरं तोंड फुटलं असतं माझं." मी तयारी केली होती त्याच्या रागाची. त्यानं आभार मानले, आणि माझा आनंद तिथंच विटला. ह्या माणसावर धड जळूही देत नव्हता देव.

तडकलेलं कडं कापून काढलं. दुसरं केलं, नळीवर चढवलं आणि या वेळी राखेच्या ढिगात पुरून सावकाश निवू दिलं. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. मी जीव तोडून शोधलं. खडू पांढरा तो पांढराच राहिला.

"काही सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मनापासून बघितलंत?"

"मनापासून."

"मग पक्कं आहे," ते म्हणाले, आणि गाडा रंगवायला घेतला.

नाताळच्या सकाळी सगळी वस्ती माळावर. आम्हीही सगळे होतो, मालकही. कोल्हारकराची आई बैलगाडीनं आली होती, डोक्यावर पदर, बरोबर पेरूची पाटी. मास्तरांनी सगळ्यांना दूर देवळाच्या भिंतीआड उभं केलं. कोल्हारकर बत्ती द्यायला पुढं झाला तर त्याला हातानं मागं लोटलं.

"खांदे तपासलेले आहेत, नळी नाही. ती माझी आहे. तिच्याजवळ मीच उभा राहणार."

लांब काठीला बांधलेली बत्ती त्यांनी तोफेच्या कानाला लावली. बार असा झाला की देवळावरची कबुतरं उडाली आणि बैल गाडी घेऊन निघाले. गाडा मागं जाऊन आपटला. धूर सरला तेव्हा नळी आपल्या खांद्यांवर जशीच्या तशी बसलेली होती.

लोक धावत गेले. पोरांनी मास्तरांना घेरलं. कोल्हारकराच्या आईनं त्यांच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "माझ्या लेकाला दुसरा बाप भेटला. आता घरी या भाऊ, चार दिस ऱ्हायला."

"येतो," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि समोर ठेचा नव्हता.

मी भिंतीशीच उभा होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी आणि मास्तर एकसारखे. त्यांनाही कुणी नाही, मलाही नाही, म्हणून तर त्यांनी ज्वारीची पेज केली. आणि आता एका बारात त्यांना लेक मिळाला, बहीण मिळाली, जायला गाव मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा मला मास्तरांचा हेवा वाटला.

मी जाऊन तोफ बाजूला नेली. निवू दिली. काजळी पुसली, बत्तीसाठी आणलेलं रॉकेल लावलं, पुसलं, खिशातला खडू चोळला. खांद्यांना नाही, नळीला. आणि समोर बसून राहिलो.

तोफेच्या कानापासून निघून मागं जाणारी एक रेघ आली.

मी नळी उचलून मास्तरांपुढं नेऊन धरली. कोल्हारकराच्या आईनं दिलेला पेरू त्यांच्या हातात होता. त्यांनी रेघ बघितली, नखानं चाचपली.

"कधी दिसली?"

"आत्ता."

"कान पाडताना मला हाताला लागायला पाहिजे होती. नाही लागली." मग माझ्या तोंडाकडं बघत राहिले, स्तुती करताना दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत तसे. "आधी का नाही बघितलीत?"

"तुमची होती."

"आणि आज?"

मी कोल्हारकराच्या आईकडं बघितलं. मास्तर हसायला लागले. चाचांना वाटलं, धुरानं ठसका लागला. हसता हसता त्यांनी पेरू मोडला आणि अर्धा माझ्यापुढं केला.

"घे. खा. आता हिला पुन्हा बार भरायचा नाही."

घे म्हणाले. घ्या नाही.

मालक धोतर सावरत पुढं आले. "मास्तर, नाताळ झाला. सांगा आता, कोण?"

"लेथ कोल्हारकराचा," मास्तर म्हणाले. माझ्या हातातला पेरू तसाच राहिला. "आणि त्याच्या हातचं काहीही याच्या हाताखालून गेल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही. दोघांना ठेवा, नाहीतर कुणालाच ठेवू नका."

"दोघांना पुरेल एवढं काम कुठंय?"

"दुसरीकडचं काम दुरुस्त होऊन गेलं की आठवड्यानं परत येतं. आपलं परत येत नाही हे लोकांना कळू द्या. मग कामाचं मला सांगा."

मालक पुष्कळ कुरकुरले. कोल्हारकराच्या आईनं त्यांच्या हातात पेरूंची पाटी दिली. पाटी हातात घेऊन जास्त कुरकुरता येत नाही. मी राहिलो.

त्या रात्री मी चपला दाराशी काढून ठेवल्या.

मास्तर गेले त्याला आता खूप वर्षं झाली. शेवटची वर्षं ते कोल्हारलाच होते. तिकडची माणसं सांगतात, प्रवरेच्या पुलावरून जाताना दर वेळी कठडा ठोकत. कोल्हारला जाताना त्यांनी मला आपला खडू दिला, रॉकेलची बाटली दिली, आणि दुसरी, खालची, घामाची टोपी दिली. तोफ दिली कोल्हारकराला.

आम्ही दोघांनी त्या कारखान्यात जन्म काढला. तो करायचा, मी तपासायचो. भांडलो क्वचितच. तोफ त्याच्या घरी फळीवर असते, नातवंडं तिच्यावर हात फिरवतात. मी गेलो की तो चहा सांगायच्या आधी तोफ खाली काढून माझ्यापुढं ठेवतो, शेजारी रॉकेलचं फडकं ठेवतो, आणि मिशीत हसत बसतो.

मी दर वेळी खांदे बघतो. अजून एकही रेघ आलेली नाही. अजून मला वाईट वाटतं.